वणवा व आपत्साहाय्य : यवतमाळ जिल्हा

वनातील पालापाचोळा, वाळलेले गवत, झुडपे व झाडे यांना लागून अनियंत्रितपणे पसरणाऱ्या आगीस वणवा म्हणतात. वणव्याचे निवारण करणे, त्याने झालेली हानी भरून काढणे व वनाश्रित वस्त्यांचे जीवनमान पूर्वस्थितीवर आणणे यांसाठी शासन जो खर्च करते, त्याचे स्थूलमानाने दोन प्रवाह आढळतात. पहिला वनसंरक्षणाचा असून तो वनविभागामार्फत खर्च होतो; दुसरा आपत्साहाय्याचा असून तो महसूल यंत्रणेमार्फत आपद्‌ग्रस्तांपर्यंत पोहोचतो. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यासारख्या शुष्क पानझडी वनांच्या प्रदेशात या दोहोंचे क्षेत्र एकमेकांस लागून आहे. परंतु वनातील उपजीविकेची हानी दोहोंच्या बाहेर राहते, हे या विषयाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

प्रदेश व वणव्याचे स्वरूप : यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १३,५८० चौ. किमी. असून त्याचा जवळजवळ एक-पंचमांश भाग वनाच्छादित आहे. वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या पठारी व डोंगराळ प्रदेशात साग हा प्रमुख वृक्ष असून त्याच्या जोडीला ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू, पळस व बांबू आढळतात. पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्य (१४८·६३ चौ. किमी.; १९९७) आणि उमरखेड तालुक्यातील पैनगंगा अभयारण्य ही जिल्ह्यातील प्रमुख संरक्षित क्षेत्रे होत. हिवाळा सरताच सागाची रुंद पाने गळून जमिनीवर त्यांचा जाड थर साचतो, गवत वाळते व पुढे तापमान ४५° से.च्या आसपास जाते. या काळात अल्पशा ठिणगीनेही वन पेटते. म्हणून वनविभागाच्या व्यवहारात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो.

येथील वणवे बहुतांशी जमिनीलगत पसरणारे असतात. ते पाचोळा, गवत व रोपे जाळतात; शेंडे पेटवीत जाणारी आग येथे क्वचितच आढळते. मोठा साग अशा आगीत सहसा टिकून राहतो व पहिल्या पावसानंतर वन पुन्हा हिरवे दिसू लागते. त्यामुळे हानी अल्प झाली, असा समज होतो. वस्तुतः एका हंगामात उगवलेली रोपे नष्ट होतात, जमिनीवरील सेंद्रिय आच्छादन जळते, उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाते आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरपटणारे प्राणी व लहान सस्तन प्राणी मरतात. वरचेवर वणवे लागणाऱ्या वनात जुनी झाडे उभी असतात, पण त्यांची जागा घेणारी नवी पिढी नसते.

कारणे : वीज पडून लागलेल्या आगी या प्रदेशात फार थोड्या, बहुतेक वणव्यांचे मूळ मानवी व्यवहारात असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागतात. ती वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालील पाचोळा जाळण्याची प्रथा आहे. ही आग न विझवता सोडली की पसरते. आग दिल्याने तेंदूच्या झुडपांना कोवळी पाने अधिक फुटतात, तसेच गुरांसाठी गवत चांगले उगवते, असेही समज आहेत. वनालगतच्या शेतांत कापसाचा हंगाम संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी व धुऱ्यांवरील गवत पेटविण्यात येते आणि वाऱ्याबरोबर आग वनात शिरते. उलट दिशेनेही तिचा प्रवास होतो : वनात लागलेली आग शेतातील गव्हाच्या वा हरभऱ्याच्या गंजीपर्यंत, गोठ्यापर्यंत आणि क्वचित वस्तीपर्यंत पोहोचते. विडीची जळती थोटके, वाटसरूंनी मांडलेल्या चुली व वीजवाहक तारांचे घर्षण ही अन्य कारणे होत.

वनाश्रित समाज : जिल्ह्यात गोंड, परधान, कोलाम, आंध इ. आदिवासी जमाती व मोठ्या प्रमाणावर बंजारा समाज आहे. यांपैकी कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक असून अन्य दोन गट कातकरी व माडिया गोंड हे आहेत. कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव इ. तालुक्यांत अशी पोडे गावापासून दूर, वनाच्या कडेला वसलेली आढळतात. बांबूच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती व वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर, असे त्यांतील पारंपरिक घराचे स्वरूप असते. कोरडवाहू शेतीचे काम उन्हाळ्यात नसते. त्या काळात मोहफुले, तेंदूपाने, डिंक व चारोळी यांवर कुटुंबाचा खर्च चालतो. वणव्याचा व उत्पन्नाचा हंगाम अशा रीतीने एकच असल्यामुळे आग लागण्याचे एक कारण आणि आगीचा पहिला आघात, ही दोन्ही एकाच घराशी येऊन मिळतात.

कायदा व गावकऱ्यांवरील कर्तव्य : वनांचे आगीपासून पद्धतशीर संरक्षण करण्याचा हिंदुस्थानातील आरंभीचा यशस्वी प्रयोग मध्य प्रांतात, सातपुड्यातील बोरी वनात, कर्नल जी. एफ. पिअर्सन यांच्या देखरेखीखाली १८६०–७० या दशकात झाला. ठराविक रुंदीचे पट्टे साफ करून आगीची वाट तोडणाऱ्या जाळरेषा व हंगामी पहारेकरी ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली आणि आजही वणवा-प्रतिबंधाचा पाया तीच आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. आग हेतुपुरस्सर किंवा अक्षम्य निष्काळजीपणाने लावली गेली असेल, तर त्या वनातील चराईचे व वनोपज घेण्याचे सर्व हक्क विशिष्ट काळापुरते स्थगित करण्याचा अधिकार राज्य शासनास याच कलमाने दिला आहे. कलम ७९ प्रमाणे वनात कोणताही हक्क वा परवानगी असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने वणव्याची माहिती कळविणे, तो विझविण्यास मदत करणे व तो पसरू न देणे बंधनकारक आहे. या कर्तव्यात पुरेशा कारणाविना कसूर केल्यास एक महिन्यापर्यंत कारावास, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आग विझविण्यास जाणाऱ्याचे मानधन, विमा किंवा त्याच्या हानीची भरपाई यांविषयी मात्र या कलमात तरतूद नाही. शिवाय हक्क-स्थगितीची तरतूद सामूहिक स्वरूपाची असल्यामुळे आगीची वर्दी देणाऱ्या गावालाच संशयास सामोरे जावे लागण्याची शक्यता राहते. साहाय्य मिळण्यासाठी घटनेची नोंद आवश्यक, आणि नोंदीस भीतीचा अडसर, असा हा पेच आहे.

वनसंरक्षणाचा निधी : वणव्यांच्या आधुनिक नियंत्रणाचा पथदर्शी प्रकल्प संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने भारतात १९८४ मध्ये दोन ठिकाणी सुरू झाला. त्यांपैकी एक ठिकाण यवतमाळला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, तर दुसरे तत्कालीन उत्तर प्रदेशातील हलद्वानी येथे होते. पुढे राज्यांना केंद्रीय योजनांद्वारे निधी मिळू लागला. वनव्यवस्थापन सघनीकरण योजनेची पुनर्रचना होऊन २०१७-१८ पासून वणवा-प्रतिबंध व व्यवस्थापन ही स्वतंत्र योजना अस्तित्वात आली. तीत केंद्राचा व राज्याचा वाटा ६०:४० असून ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो ९०:१० आहे. प्रारंभीच्या वर्षांत सबंध देशासाठी या योजनेची वार्षिक तरतूद सु. ५० कोटी रु. होती. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार वणवे लागण्याचा संभव असलेले आहे. हे ध्यानात घेता ही रक्कम अपुरी ठरते. प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम, २०१६ अन्वये जमा होणारा निधीही वणवा-नियंत्रणासाठी वापरता येतो.

या पैशातून जाळरेषांची सफाई, निरीक्षण मनोरे, हंगामी अग्निरक्षकांची मजुरी, पाला उडविण्याची यंत्रे, वाहने व संदेशवहन यांवरील खर्च भागविला जातो. उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या ठिकाणांची सूचना वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून राज्यांना देत आली आहे. २०१७ पासून सु. ३७५ मी. पर्यंत सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या उपकरणाची जोड तिला मिळाली. सूचना भ्रमणध्वनीवर काही तासांत मिळाली, तरी प्रत्यक्ष आग विझवितो तो नियतक्षेत्राचा वनरक्षक, त्याच्याबरोबरचे मजूर व जवळच्या गावातील माणसे. आणि त्यांची साधने बहुधा ओल्या फांद्या व पाला उडविण्याचे यंत्र एवढीच असतात. या कामातील जोखीम ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा येथे लागलेल्या वणव्यात प्रकर्षाने दिसून आली. त्या दिवशी आग विझविताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला व दोघे गंभीर भाजले.

आपत्साहाय्याचा निधी : पूर्वी नैसर्गिक आपत्तींच्या वेळी शेतकऱ्यांस तगाई कर्ज, सारा-सूट व दुष्काळी कामे या स्वरूपात साहाय्य दिले जाई. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती साहाय्य निधी निर्माण करण्यात आला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत झाल्यावर २०१० पासून त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीने घेतली. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्तींच्या यादीत ‘आग’ असा एकच सामान्य उल्लेख असून वणव्याचा वेगळा निर्देश नाही. महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे व समुद्राचे उधाण यांबरोबर ‘आकस्मिक आग’ हीदेखील राज्यापुरती साहाय्यास पात्र आपत्ती ठरविली.

केंद्राच्या २०२२–२६ या कालावधीसाठीच्या निकषांनुसार आपत्तीत मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या वारसास ४ लाख रु.; ६० टक्क्यांहून अधिक अपंगत्व आल्यास अडीच लाख रु.; सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या पक्क्या वा कच्च्या घरासाठी १ लाख २० हजार रु.; झोपडीसाठी ८ हजार रु.; दुभत्या गायी-म्हशीसाठी ३७,५०० रु.; बैलासाठी ३२ हजार रु. व शेळीसाठी ४ हजार रु. असे दर ठरविण्यात आले. कोरडवाहू पिकाची हानी ३३ टक्के वा त्याहून अधिक असल्यास हेक्टरी ८,५०० रु., कमाल दोन हेक्टरांपर्यंत, देय धरण्यात आले.

हे साहाय्य पंचनाम्यावर अवलंबून असते. तलाठी, ग्रामसेवक व आवश्यकतेनुसार कृषी सहायक स्थळपाहणी करतात. त्यांच्या अहवालावरून तहसीलदार मंजुरीची कार्यवाही करतो. वनातील आगीची नोंद मात्र वनरक्षक वनगुन्हा म्हणून स्वतंत्रपणे करतो. एकाच आगीचे असे दोन कागद दोन कार्यालयांत तयार होतात. पहिल्यात माणसाचे नुकसान व दुसऱ्यात वनाचे नुकसान नोंदले जाते.

घराच्या वर्गवारीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. निकषांतील व्याख्येप्रमाणे गवत, माती, प्लॅस्टिक इत्यादींनी केलेला, कच्च्या घराहून हलक्या दर्जाचा तात्पुरता निवारा म्हणजे झोपडी होय. कोलाम पोडातील कुडाचे, मातीने लिंपलेले व गवताने शाकारलेले घर पिढ्यानपिढ्यांच्या वास्तव्याचे असले, तरी ते कच्चे घर ठरते की झोपडी, हे पंचनामा करणाऱ्याच्या नोंदीवर अवलंबून राहते. एका शब्दाने साहाय्याची रक्कम १ लाख २० हजारांवरून ८ हजारांवर येते. पंतप्रधान जनमन या २०२३ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून विशेष असुरक्षित गटांना पक्की घरे देण्यात येऊ लागल्याने हा प्रश्न काही प्रमाणात सौम्य होणे अपेक्षित आहे.

साहाय्याबाहेर राहणारी हानी : वरील निकषांत मनुष्य, घर, जनावर व पीक यांचा समावेश आहे. जळालेली मोहफुले, करपलेली तेंदूपाने, नष्ट झालेला बांबू व चराईचे गवत यांसाठी त्यांत कोणतीही बाब नाही. कारण ही संपत्ती कायद्याने बहुधा शासनाची, आणि तिच्यावर जगणाऱ्याचा हक्क केवळ गोळा करण्यापुरता मानला गेला. शेतात वा घराजवळ साठविलेले कुटार व कडबा जळाल्यासही हीच स्थिती असते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उभ्या पिकाला आगीपासून मिळणारे संरक्षण नैसर्गिक कारणाने लागलेल्या आगीपुरते आहे; मानवी कृतीतून उद्‌भवलेला वणवा त्यात बसत नाही. येथील बहुतेक वणवे मानवनिर्मित असल्याने विम्याचा आधारही नाममात्र ठरतो.

वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१६–१८ या काळात एका वाघिणीच्या हल्ल्यांत तेरा व्यक्तींचा बळी गेल्याचे मानले जाते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यू, जखम, पशुहानी व पीकहानी यांबद्दल वनविभागाकडून भरपाई देण्याची व्यवस्था महाराष्ट्रात प्रस्थापित झाली असून मृत्यूच्या प्रकरणी देय रक्कम २०२३ मध्ये २५ लाख रु. करण्यात आली. वनातून आलेल्या वाघाची जबाबदारी अशा प्रकारे वनविभागाने स्वीकारली आहे. वनातून आलेल्या आगीबाबत तशी स्वतंत्र व्यवस्था झालेली नाही.

ग्रामसमित्या व सामूहिक वनहक्क : गावकऱ्यांना वनसंरक्षणात भागीदार करून घेण्याचे धोरण केंद्राने १ जून १९९० च्या परिपत्रकाद्वारे मांडले. महाराष्ट्राने १६ मार्च १९९२ च्या निर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापन समित्या स्थापण्यास मान्यता दिली. वणवा रोखणे हे समित्यांचे एक मुख्य काम असून त्या बदल्यात वनोत्पन्नातील वाटा व विकासकामे यांचा लाभ गावास मिळतो. उत्तम काम करणाऱ्या समित्यांना २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेखाली पारितोषिके दिली जाऊ लागली. संरक्षित क्षेत्रांभोवतालच्या गावांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना स्वयंपाकाचा गॅस इत्यादी सोयी पुरवून वनावरील भार कमी करण्याचा प्रयत्न करते. या योजनांतील पैसा आग न लागल्याबद्दल मिळतो. आग लागल्यानंतर सावरण्यासाठी नव्हे.

वनहक्क अधिनियम, २००६ मुळे या संबंधांत मूलभूत बदल घडून आला. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळाला आणि गौण वनोपजाची मालकीही तिच्याकडे आली. यवतमाळ जिल्ह्याच्या मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी इ. तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रात अनुसूचित क्षेत्र पंचायत विस्तार अधिनियम, १९९६ (पेसा) हाही लागू आहे. तेंदूपानांचे उत्पन्न थेट ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागले, म्हणजे आगीने होणारा तोटाही ग्रामसभेलाच जाणवतो व आग रोखण्यासाठी खर्च करण्याची ऐपत आणि इच्छा दोन्ही निर्माण होतात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूच्या उत्पन्नाचा आधार घेऊन तेंदूपाने तोडणे स्वेच्छेने बंद केले; फांद्या तोडणे व आगी लावणे थांबावे, हा त्यामागील एक हेतू होता. हक्क आणि उत्पन्न हाती असलेले गाव शिक्षेच्या धाकावाचून आग रोखू शकते, याचे हे उदाहरण होय. परंतु मालकी मिळाल्याने जोखीमही गावाकडे आली आहे. एका हंगामाचे पीक जळाल्यास ग्रामसभेस सावरून धरील, असा निधी अद्याप अस्तित्वात नाही.

अन्य देशांतील व्यवस्था : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोठ्या वणव्याच्या वेळी अग्निशमनाच्या मान्य खर्चापैकी ७५ टक्के भाग संघशासन उचलते. २०२१ च्या कायद्यान्वये वणवाप्रवण वस्त्यांना स्वसंरक्षणाचे आराखडे करण्यासाठी व ते अंमलात आणण्यासाठी पाच वर्षांत १ अब्ज डॉलर अनुदानाची तरतूद झाली. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या भीषण वणव्यांनंतर जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय पुनरुत्थान यंत्रणा स्थापून तिच्यासाठी २ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर राखून ठेवण्यात आले. घरांबरोबरच लहान व्यवसाय, शेती, पर्यटन व मानसिक आरोग्य यांवरही ते खर्च करावयाचे होते. या देशांतील वणवे शहरे व उपनगरे जाळतात, त्यामुळे विमा व मालमत्ता यांना तेथे महत्त्व असते. विदर्भातील वणवा घरे क्वचित जाळतो, उत्पन्न मात्र नेहमी जाळतो. म्हणून परदेशी व्यवस्था येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. आग विझल्यानंतरच्या काळासाठी वेगळा पैसा राखून ठेवणे, हे त्यातील तत्त्व मात्र उपयुक्त आहे.

भारतातही या दिशेने बदल दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ साठी आपत्ती निधीतील २० टक्के रक्कम सौम्यीकरणासाठी, म्हणजे संकटाची तीव्रता आधीच कमी करण्यासाठी, वेगळी काढली. प्रतिसादासाठी ४० टक्के, पुनरुत्थान व पुनर्बांधणीसाठी ३० टक्के आणि पूर्वतयारीसाठी १० टक्के अशी उर्वरित रकमेची विभागणी केली. याच कालावधीत १९ राज्यांतील १४४ जिल्ह्यांसाठी ८१८·९२ कोटी रुपयांचा वणवा-जोखीम व्यवस्थापन प्रकल्प केंद्रीय पातळीवर मंजूर झाला.

मूल्यमापन : यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता निधीच्या एकूण रकमेइतकेच त्याचे शीर्ष महत्त्वाचे ठरते. वनाच्या शीर्षाखाली जाळरेषा साफ होते. आपत्तीच्या शीर्षाखाली जळालेल्या घराची भरपाई होते. परंतु एप्रिलमध्ये मोहाखालची जमीन करपली, तर त्या घरातील मृगापर्यंतचा खर्च कोणत्याच शीर्षाखाली येत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी गौण वनोपजाच्या हानीचा साहाय्याच्या निकषांत समावेश करणे, वनविभाग व महसूल यंत्रणा यांनी संयुक्त पंचनामा करणे, पारंपरिक कुडाच्या घरास झोपडीऐवजी कच्चे घर मानणे, आग विझविणाऱ्या गावकऱ्यांस मजुरी व विमा देणे आणि ग्रामसभेच्या स्तरावर पुनरुत्थान निधी ठेवणे, हे उपाय विचारात घेण्याजोगे आहेत. वणवा विझविण्याचे कर्तव्य कायद्याने १९२७ मध्येच गावावर टाकले आहे. त्यातून सावरण्याचा हक्क त्यास मिळाल्याखेरीज ही व्यवस्था पूर्ण झाली, असे म्हणता येणार नाही.